खोलीकडे झुकलेला पुदिना

ताई भावाकडून परतली ती बॅग दारातच टेकवून थेट बाल्कनीत गेली. वहिनीचा पाय मोडला म्हणून महिनाभर तिकडे राहावं लागलं होतं. जायचं तिच्या मनात नव्हतं, पण धाकट्या बहिणीनेच भरीला घातलं. तेवढाच बदल होईल, कुंड्यांचं मी बघते, माझ्या हाताने पाणी घालीन, असं म्हणाली होती.

कुंड्या खरंच हिरव्यागार होत्या. पुदिना दाटला होता, मरव्याला नवी पालवी फुटली होती, गवती चहा तर पार हाताबाहेर गेला होता. ताईला बहिणीचं कौतुक वाटलं. मग पुदिन्यावरून फिरणारा तिचा हात थबकला.

ताईने जन्मभर लोकांचे कपडे शिवले होते. शिवणाच्या खडूने तिने प्रत्येक कुंडीच्या काठाला एक रेघ मारून ठेवली होती. झाड उजेडाकडे मान वळवतं, म्हणून रोज सकाळी ती कुंड्या थोड्या थोड्या फिरवायची, आणि रेघेवरून किती फिरवल्या ते कळायचं. धाकटीला त्या रेघा म्हणजे ताईचं खूळ वाटायचं. कशासाठी आहेत हे तिने कधी विचारलं नव्हतं.

आता साऱ्या रेघा रस्त्याकडे तोंड करून कवायतीला उभ्या राहिल्यासारख्या सरळ होत्या. आणि झाडं झुकली होती आत, खोलीकडे. नुसती फिरवायची राहिली असती तर ती बाहेर उन्हाकडे झुकली असती. खोलीत काय सूर्य उगवला होता? म्हणजे कुंड्या इथे नव्हत्याच. दुसरीकडे कुठेतरी वाढल्या आणि काल-परवा आणून मांडल्या.

तिने विचारलं तर धाकटी म्हणाली, काहीतरीच काय, आणि चहा टाकायला आत गेली. चहा टाकायची ती वेळ नव्हती.

ताई जिना उतरून खालच्या काकूंकडे गेली. काकूंना सगळी इमारत रेडिओकाकू म्हणायची. बातमी त्यांच्या कानात शिरली की संध्याकाळपर्यंत वरच्या मजल्यावर पोचायची. त्यांच्या मागच्या गॅलरीत फरशीवर कुंड्यांच्या बुडांचे गोल ओले डाग अजून वाळले नव्हते.

काकू आधी हवापाण्याचं बोलल्या. मग डोळे पुसत सगळं सांगून मोकळ्या झाल्या. घर बघायला माणसं येत होती. बाल्कनी मोकळी दिसली की घर मोठं वाटतं, म्हणून कुंड्या खाली ठेवल्या. ताईला कळू द्यायचं नाही असं धाकटीने बजावलं होतं.

"आणि एवढी एकच गोष्ट तुमच्या पोटात राहिली," ताई म्हणाली.

ताई कठड्याला धरून वर आली.

घर धाकटीच्या नावावर होतं, कारण पक्की नोकरी तिची होती. ती विधवा झाली तेव्हा मुलगा रांगत होता. ताई चार दिवस आधाराला म्हणून आली ती राहिलीच. मुलाला तिनेच लहानाचं मोठं केलं. नाव कुणाचं, हा प्रश्न दोघींत कधी निघाला नव्हता. आता तो मुलगा दूरच्या शहरात होता आणि आईला बोलवत होता.

धाकटीने चहाचा कप पुढे केला. तुला सांगणारच होते, म्हणाली. तू उगाच जिवाला लावून घेशील, म्हणून सगळं ठरल्यावर सांगायचं होतं. तिकडे तुझीही सोय होईल, हॉलमध्ये पलंग टाकू. बाल्कनी नाही, पण खिडकी आहे.

ताईने कप घेतला नाही. भांडलीही नाही. मनात ती एकच हिशेब करत होती: महिनाभर रोज फोन व्हायचा, आणि रोज ही विचारायची, वहिनींचा पाय कसा आहे, अजून राहा हवं तर.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माणसांपैकी दोघं पुन्हा आली, नवरा-बायको. तू जरा काकूंकडे बसतेस का, असं धाकटी हळूच म्हणाली होती. ताई बाल्कनीत स्टुलावर बसून राहिली. बायको बाहेर आली, मरव्याचं पान चुरगळून तिने वास घेतला आणि तिचा चेहरा खुलला. घराबरोबर या कुंड्याही मिळतील का, असं तिने विचारलं.

"मिळतील की," धाकटी म्हणाली. "सगळ्या घ्या."

"आणि या आजी?"

"माझी बहीण. पाहुणी आलीये, चार दिवसांसाठी."

ताई उठली. गुडघ्यांनी वेळ घेतला.

"पाहुणी नाही," ती त्या बाईला म्हणाली. "मी इथेच राहते. माझ्या माघारी घर विकायला काढलंय, ते मला काल कळलं."

नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं. घरातलं आधी मिटवा, मग कळवा, असं काहीसं पुटपुटत ती निघून गेली.

दार लागलं तशी धाकटी उसळली. "झालं समाधान? चांगलं गिऱ्हाईक घालवलंस."

"दुसरं आण. घर तुझं आहे, वीक," ताई म्हणाली. "कुंड्याही दे. पण मला पाहुणी म्हणालीस ना, ते मी कुठे ठेवू, तेवढं सांग."

धाकटी आत गेली आणि कालची घासून ठेवलेली भांडी पुन्हा घासायला लागली. ताई बाहेर उभी राहून नळाचा आवाज ऐकत होती. तो बंद होईल आणि बहीण काहीतरी बोलेल, म्हणून ती बराच वेळ थांबली. नळ वाहतच राहिला.