बाबा ‘छान’ म्हणाले

चहाला नावं ठेवणं हा माझ्या सासऱ्यांचा, म्हणजे बाबांचा, पेशाच. चहाच्या कंपनीत ते चाखणारे आहेत. कपांची रांग मांडायची, चमच्याने सुर्रकन घोट घ्यायचा, थुंकायचा आणि मालाची लायकी सांगायची. घरीही तीच सवय. मी लग्न होऊन आले तेव्हापासून माझा चहा ‘बरा’च्या वर कधी गेला नाही.

त्यामुळे तापातून उठल्यावर ते माझ्या प्रत्येक कपाला ‘छान’ म्हणू लागले, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. नवरा म्हणाला, “आजारपणाने माणूस निवळतो. तुला चांगलं म्हटलेलंही सोसत नाही.” असेल. पण छडा लावल्याशिवाय मला घास गोड लागत नाही, त्याला मी तरी काय करणार?

सोमवारी बाबा कामावर परत जाणार होते. नवा माल कोणता घ्यायचा, हे त्यांच्याच शब्दावर ठरायचं होतं. रविवारी मी त्यांच्यासाठी चहाचे स्कोन, ते छोटे खुसखुशीत विलायती पाव, करायला घेतले. पत्ती गरम दुधात मुरवली, दूध गाळून ठेवलं. मैद्यात लोणी चोळलं, दूध घालून हलक्या हाताने गोळा केला, वाटीने गोल कापले आणि ओव्हनमध्ये सरकवले.

बाबांनी गरम स्कोन मोडला, नाकाशी नेला, डोळे मिटले. “वा! चहा काय छान उतरलाय.”

मी तरंगतच ओट्याशी आले, आणि बघते तर काय! चहाचं दूध पातेल्यात जसंच्या तसं. घाईत मी शेजारचं साधं दूध ओतलं होतं.

चहा जिभेपेक्षा नाकाला जास्त कळतो, हे त्यांचंच वाक्य. म्हणजे नाक गेलं होतं. पण सगळंच गेलं, की काही उरलंय? आता मला राहवेना. ते राहिलेलं चहाचं दूध पुन्हा गॅसवर चढवलं, मूठभर पत्ती टाकली, काळं होईस्तोवर उकळलं आणि दुसरा घाणा काढला.

पहिल्याच घासाला बाबांचं तोंड वाकडं झालं. “शी! कडूजहर!” मग ते थबकले. “कडू आहे गं,” हळूच म्हणाले.

“मघाच्या स्कोनमध्ये चहाच नव्हता, बाबा.”

त्यांनी बशी बाजूला सारली. “ताप गेला, पण वास परत आलाच नाही. वाटलं, येईल. नाकाशिवाय मला कोण विचारणार?”

“म्हणून सगळ्यालाच छान?”

“नावं ठेवायला नाक लागतं. छान म्हणायला काय लागतं?”

त्यांनी स्वतःच फोन उचलला आणि साहेबांना सांगितलं, “उद्या चाखायला दुसऱ्याला बसवा. मला वास येत नाही.”

त्यांनी फोन ठेवला. मग बशी पुढे ओढली.

“पत्ती उकळलीस ना? जीव घेतलास चहाचा. इतकी वर्षं सांगतोय, मुरवायची असते, उकळायची नसते. कानात बोळे घालून फिरतेस का?”

असं बोलत बोलत त्यांनी अख्खा स्कोन संपवला आणि बशी माझ्यापुढे धरली.

“आणखी एक दे. कडूच दे.”