सातव्या नियमावरची हरकत

बसम्मानं आजारी नवऱ्यासाठी सोमवारी दिवेलागणीपर्यंत मौन धरलं होतं आणि शुक्रवार पेठेतल्या नव्या शिवण मंडळीची पहिली सभा नेमकी सोमवारीच भरली. अध्यक्षीण गौराबाई एकेक नियम वाचत होत्या. कुणी बोललं नाही की तो मंजूर.

"सातवा. परधर्माची बाई सभासद नको. हरकत?"

सगळ्यांना टाके शिकवणाऱ्या लालबीनं मान खाली घातली. बसम्मानं घाबरत हात वर केला.

"हात कशाला? तोंडानं बोल की गं, न्हायतर मंजूर!"

मौन मोडलं आणि नवऱ्याचं काही बरंवाईट झालं तर?

"हरकत हाय," ती कशीबशी म्हणाली.

"महाराज सगळ्या जातीधर्मांच्या पोरांस्नी बोर्डिंगं काढत्यात, आन् आपण?" मागून कुणीतरी बोललं. नियम खोडला गेला.

बसम्मा मात्र नवऱ्याला बघायला घराकडं पळत सुटली.