सम मेलरॉयकडे

फेबियननं आमच्या आचोळ्याच्या घरी येऊन कपाटातला जॅझचा बॉक्स स्वतःच खाली काढला, पिशवीतून आणलेल्या पाच सीड्या त्यात एकेक करून बसवल्या आणि झाकण लावून तो माझ्या हातात दिला.

"घ्या अंकल. सेट कम्प्लीट. बाकीच्या दहा बॉक्सच्या पण आणल्यात, त्या पण लावून देतो."

माझं डोकंच सणकलं. वालीवच्या कारखान्यात एकतीस वर्षं लेथवर काढलेला माणूस मी, मशीनच्या वर आवाज चढवून बोलायची सवय. "हात लावू नकोस," म्हणालो ते जिन्यापर्यंत गेलं असणार, कारण माझी बायको वसुंधरा चहा टाकायचा सोडून बाहेर आली.

पोराला काय कळणार म्हणा. सेट अर्धवट नव्हताच, वाटलेला होता. त्याचा बाप मेलरॉय माझ्याच कारखान्यात फिटर, आणि लग्नसराईत गावच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणारा. मला नाट्यगीतापलीकडे काही ठाऊक नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत डब्याच्या झाकणावर ठेका धरून त्यानं मला जॅझची गोडी लावली, आणि मी त्याला सम काय असते ते सांगितलं. पहिला बॉक्स आम्ही भागीत घेतला तेव्हा तो ठेवायचा कुणाकडे, यावरून आठवडाभर अबोला होता. मग मीच तोडगा काढला. विषम आकड्यांच्या सीड्या माझ्याकडे, सम आकड्यांच्या त्याच्याकडे. एक रविवार तो आमच्याकडे, पुढचा रविवार मी त्याच्याकडे. एकट्यानं ऐकायचं नाही आणि सीडी वाजताना बोलायचं नाही. "सम माज्याकडं हाय, दिना. तुला समेवर यायचं तर माज्याच घरी यायला लागनार," हा एकच विनोद त्यानं बावीस वर्षं केला आणि दर वेळी स्वतःच खो खो हसला.

नुकत्याच घेतलेल्या अकराव्या बॉक्सची पाचवी सीडी आमच्याकडे ऐकून तो घरी गेला आणि त्याच आठवड्यात अंथरुणाला खिळला. मी रोज जायचो. सहावी त्याच्या उशाशीच पडलेली असायची, पण ती लाव म्हणायचं मला धाडस झालं नाही. निरोप घेतल्यासारखं वाटलं असतं. मग तो गेलाच. चर्चमध्ये त्याच्या नावची महिन्याची मिस्साही होऊन गेली.

"मम्मीनं दिल्यात का या?" मी फेबियनला विचारलं.

"नाही, मीच आणल्या," तो म्हणाला. हळूहळू सगळं बाहेर आलं. मिस्सेनंतर घरी जमलेल्या बायकांनी विषय काढला होता. आता घरात पुरुषमाणूस नाही, फेबियनही कामाला बाहेर असतो, मग तो आचोळ्याचा माणूस रविवारी कशाला यायला हवा? तेव्हा सीड्या परत दिल्या की विषयच संपला, असं फेबियनच्या मनानं घेतलं. आईला त्रास नको, एवढंच त्याचं म्हणणं. पोरगा वाईट नाही. पण मला इतकं लागलं की चहाचा कप मी उचललाच नाही.

वसुंधरा म्हणाली, "अहो, बसलात काय? रविवारच आहे. चपला घाला."

तूही चल, म्हटलं, म्हणजे कुणी बोलणार नाही.

"मी आले तर लोकांना घाबरून आल्यासारखं होईल. एकटेच जा."

मी बॉक्समधल्या सम सीड्या पुन्हा बाहेर काढल्या, सगळ्या पिशवीत भरल्या आणि स्कूटर काढली. वसईला मेलरॉयच्या वाडीत पोचलो तेव्हा चर्च नुकतंच सुटलं होतं आणि गल्लीतून माणसं घरी निघाली होती. सँड्रावहिनी ओट्यावर बोंबील साफ करत बसल्या होत्या. मी पिशवी त्यांच्यासमोर ठेवली. म्हटलं, वहिनी, या मेलरॉयच्या आहेत, म्हणजे या घरच्या. मी ठेवून घेणार नाही. मी येऊ नये असं तुमचं म्हणणं असेल तर तुम्ही सांगा, पोराकरवी नको.

समोरच्या कुंपणाशी तीन बाया थांबल्या होत्या. वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं, शांतपणे हात धुतले आणि पिशवी उचलली.

"फेबियननं नेल्या तवा मी गप बसले. ती माजी चूक. आत या, दिनाभाऊ. आनि दार उघडंच राहू द्या. ज्याला बघायचं हाय त्यानं नीट बघावं."

आत गेल्यावर त्यांनी न विचारता सहावी काढली. मला वाटलं, नुसता आकडा वाचून काढली. पण त्या म्हणाल्या, "बावीस वरसं चुलीपाशी उभी राहून मी पन ऐकलंय. आनि एक सांगायचं हाय. ही त्यांनी ऐकली. जायच्या आदल्या दिवशी मला लावायला लावली."

"लबाड!" मी म्हणालो. मला रागच आला. बावीस वर्षांचा नियम, आणि शेवटी यानं मोडलाच.

"आर्धीच," वहिनी म्हणाल्या. "मग बोलले, बंद कर, दिना चिडंल."

त्यांनी सीडी लावली आणि मेलरॉयच्या खुर्चीत बसल्या. त्या खुर्चीत त्यांना मी पहिल्यांदाच पाहत होतो. मी माझ्या जागेवर बसलो. एक गाणं झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. चौथ्यात ट्रम्पेट एकटाच पुढं आला, वर चढत गेला, आणि वहिनींनी हात उचलला. बोलल्या नाहीत. नियम त्यांनाही पाठ होता. पण मला कळलं. इथवर. इथून पुढचं मेलरॉयनं ऐकलेलं नव्हतं.

आम्ही दोघं ऐकत राहिलो. बाहेर गल्लीत कुणाची तरी पावलं दाराशी येऊन थांबली. मी उठलो, आवाज वाढवला आणि परत जागेवर येऊन बसलो.