निकानोरची मान

मी एक जुना वस्तरा आहे, मित्रांनो, आणि तुमच्या घरातल्या पुरुषांबद्दल माझं मत काही चांगलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाला राग यायला नको. गालाची दाढी काय, कुणीही करील. परीक्षा असते ती हनुवटीच्या खाली, आणि तिथे तुमचे बहुतेक बाबा, काका, मामा सपशेल नापास आहेत. खोटं वाटत असेल तर त्यांच्या माना नीट बघा. लाल पुटकुळ्या दिसतील, कातडीत वळून शिरलेले केस दिसतील. वर म्हणतात, आमची कातडीच मुळी नाजूक. नाजूक कसली डोंबलाची! अक्कल नाही म्हणा की सरळ.

माझा जन्म मनिलाच्या दक्षिणेकडच्या ताल गावच्या लोहारआळीतला. मोडक्या जीपनी गाडीच्या बेअरिंगचं पोलाद तापवून, ठोकून मला घडवलं. त्याच भट्टीतून माझे भाऊबंद निघाले, ते घडीचे चाकू, बालिसोंग. कुणी बघतंय म्हटलं की फटाफट उघडायचं, फटाफट मिटायचं आणि टवाळ पोरांच्या बोटांवर नाचायचं, एवढंच त्यांना येतं. जन्मभरात कापलं काय, तर एखादा आंबा. मला मात्र रेड्याच्या शिंगाची मूठ बसवली आणि बाजारामागच्या इग्मे न्हाव्याने मला विकत घेतलं.

इग्मे भयंकर बोलायचा. आमच्याकडे कुणी अशक्य थाप मारली की लोक म्हणतात, ही न्हाव्याची गोष्ट. इग्मेने त्या म्हणीचं नाव राखलं. गावाजवळच्या तळ्यातल्या ज्वालामुखीने एकदा त्याच्याकडून दाढी करून घेतली होती म्हणे, आणि तेव्हापासून तो शांत आहे म्हणे. पण गिऱ्हाइकाची मान आली की इग्मेचं तोंड मिटायचं. तेवढ्या एका गोष्टीसाठी मी त्याला मानत असे.

त्याची रीत ऐका, म्हणजे निदान एकाच्या तरी डोक्यात शिरेल. आधी गरम टॉवेलने मान शेकायची. फेस लावण्याआधी कोरड्या बोटाने ती चाचपायची. गालावरचे केस शहाण्यासारखे खाली वाढतात. मानेवरच्यांचं तसं नाही. कानाखाली ते मागे वळतात, कंठमण्यापाशी आडवे होतात, आणि कुणाकुणाच्या मानेत तर चक्क भोवरा असतो. बोट सुळकन सरकतं ती केसांची वाट, खरखरतं ती उलटी बाजू. वाट कळली की मग फेस. डाव्या हाताने कातडी ताणायची, मला जवळजवळ आडवं निजवायचं आणि केसांच्याच वाटेने आखूड आखूड हात फिरवायचा. कंठमण्यावर थेट चढायचं नाही, तिथली कातडी ओढून बाजूला सपाटीवर आणायची. गुळगुळीत हवी म्हणून भोवऱ्यात उलटा हात मारा म्हणणाऱ्याला इग्मे तोंडावर गाढव म्हणायचा, मग गिऱ्हाईक पाद्री का असेना.

इग्मेला दोन मुलगे, थोरला निकानोर आणि धाकटा आर्सिंग. दोघांच्याही मानेत डाव्या जबड्याखाली बापाकडून आलेला भोवरा होता. ती जागा फार पाजी. मान वर केली की डोळे छपराला लागतात, खाली केली की कातडीला घड्या पडतात. न्हावी असलात तरी तिथली दाढी आपली आपल्याला करता येत नाही. म्हणून हे दोघे एकमेकांच्या मानांवरच शिकले. शनिवारी दुकान बंद झालं की आधी एक खुर्चीत बसायचा, मग दुसरा. मानेपुरते गप्प, बाकी नुसत्या थापा.

मग इग्मे गेला आणि वाटणी आली. वाटणी म्हटलं की माणसाच्या डोक्यात शेण भरतं, ते यांच्याही भरलं. थोरला मी, असं म्हणून निकानोरने मला घेतलं. आर्सिंगने रागाच्या भरात धारेचा दगड आणि चामड्याचा पट्टा उचलला आणि चर्चच्या पलीकडे स्वतःचं दुकान थाटलं. म्हणजे बघा, एकाकडे वस्तरा आहे पण धार नाही, दुसऱ्याकडे धार लावायचं सगळं आहे पण वस्तरा नाही. असले दीडशहाणे दिवा घेऊन शोधले तरी सापडायचे नाहीत. निकानोर मला आपल्या कंबरपट्ट्यावर घासायचा, शी! पुढे तर त्याने विजेचं यंत्र आणलं आणि मला खणात टाकलं, सांडलेल्या अत्तरात. माझ्या पात्यावर गंजाचे ठिपके आले. गावात नवीन कोण मेलं, कुणाचं डुक्कर पळालं, सगळ्यावर निकानोर गोष्टी रचायचा. फक्त भावाचं नाव निघालं की त्याला कात्री शोधायची आठवण यायची.

मान कुणाकडून करून घेणार? भावाकडे जायचं नाही, आणि दुसऱ्या न्हाव्याकडे जायचं तर अब्रू जाते. यंत्र आंधळेपणाने उलटंसुलटं फिरवून त्याने मानेची पार सोललेली कोंबडी केली होती. ती झाकायला तो भर उन्हाळ्यात गळ्याला टॉवेल गुंडाळून बसायचा. आणि सगळ्या गावाला सांगायचा, ही मनिलाची फॅशन आहे.

असं चाललं असताना त्याच्या मुलीचं, लिगायाचं, लग्न ठरलं. आमच्याकडे आईबाप दोघं मुलीला चर्चमध्ये वेदीपर्यंत चालवत नेतात. बापाने घालायचा तो बारोंग सदरा, अननसाच्या धाग्याचा, झिरझिरीत पांढरा, आणि त्याचं वरचं बटण गळ्याशी लावायचं. टॉवेलची सोयच नाही. निकानोरने तो घालून पाहिला तेव्हा कॉलर पुटकुळ्यांना घासली आणि शुभ्र कापडावर रक्ताचे ठिपके उमटले. त्याने तो काढला आणि जाहीर करून टाकलं की मी चर्चच्या दारात थांबेन, लिगायाला तिची आई नेईल.

लिगायाने बापाची बिनपाण्याने केली. तिला लहानपणापासून हेच एक हवं होतं, बापाचा हात धरून ते अंतर चालायचं. ती म्हणाली, "तातय, तुम्हाला लाज मानेची वाटते की तियो आर्सिंगची? तुम्ही नसाल तर मी पायरी चढणार नाही. पाहुण्यांना तुम्हीच सांगा मग." निकानोर कात्री शोधू लागला. ती तडक बाहेर पडली आणि चर्चच्या पलीकडे काकाकडे गेली. तिथे काय बोलली ते मला ठाऊक नाही. मी खणात होतो.

लग्नाच्या सकाळी आर्सिंग आला. काखेत पट्टा, खिशात दगड. ना नमस्कार ना चमत्कार, त्याने खण उघडला, मला पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. तो दगडावर मला घासत बसला, मग पट्ट्यावर. लिगायाच्या आईने ठेवलेली कॉफी निवून गेली. खरं सांगतो, मित्रांनो, मला रडू आलं असतं. पण पोलादाला ती सोय नाही.

निकानोर खुर्चीत बसला. त्याने घसा खाकरला आणि काहीतरी सांगायला तोंड उघडलं. आर्सिंग म्हणाला, "बोलू नकोस. गळा हलतो."

आणि मग त्या शहाण्याने काय केलं? शेक दिला, फेस लावला, पण आधी बोट फिरवलंच नाही. ही मान झोपेत करीन, असा त्याचा तोरा. जुन्या आठवणीवर त्याने भोवऱ्याच्या डाव्या अंगाने हात घातला आणि मी कचकन रुतलो. रक्ताची धार कॉलरच्या जागेपर्यंत आली. मला संताप आला. अरे, माणूस म्हातारा होतो! कातडी सैल पडते, खाली उतरते, तिच्याबरोबर भोवरा सरकतो आणि केसांची वाट फिरते. हे इग्मेच्या पोराला कळू नये? पण कळणार कसं? इतकी वर्षं त्या मानेकडे पाहिलंय कुणी?

आर्सिंगने जखमेवर तुरटी दाबून धरली. बाहेर घंटा सुरू झाल्या, आणि पांढऱ्या झग्यातली लिगाया दारात येऊन उभी राहिली.

"कुया," आर्सिंग म्हणाला. थोरल्या भावाला त्याने किती वर्षांनी कुया म्हटलं असेल. "तुझ्या मानेला झालंय काय?"

"मला काय माहीत," निकानोर म्हणाला. "मला ती कधी दिसलीच नाही. तुलाच दिसायची."

आर्सिंगने फेस पुसून काढला. पहिल्या दिवशी शिकायला बसल्यासारखं कोरडं बोट मानेवर ठेवलं आणि कानापासून कंठमण्यापर्यंत एकेक वाट पुन्हा शोधली. घंटा थांबल्या, पुन्हा वाजल्या. त्याने घाई केली नाही. मग फेस, मग कातडीला ताण, मग मी, आडवा, आखूड आखूड. काम संपलं तेव्हा मान स्वच्छ होती आणि रक्त थांबलं होतं. बारोंगचं वरचं बटण लागलं, कापड पांढरंच राहिलं.

लिगायाच्या आईने गाडीवाल्याला हाक मारली. निकानोर मात्र जागचा हलला नाही. त्याने भावाला खांद्याला धरून खुर्चीत दाबलं आणि त्याचं कॉलरचं बटण उघडलं. आत तेच, तशाच पुटकुळ्या, तशीच सोललेली कोंबडी.

आर्सिंग म्हणाला, "कुया, पाद्री थांबलेत, सगळं गाव थांबलंय."

निकानोर म्हणाला, "थांबू दे. आणि आता तू बोलू नकोस." लिगाया झग्यासकट उंबऱ्यावर बसली आणि तिने गाडीवाल्याला इंजिन बंद करायला सांगितलं.

तर मित्रांनो, वस्तरा ओला ठेवू नका, गंजतो. पुसा, तेलाचं बोट लावा, खणात कोरड्या जागी ठेवा. आणि बऱ्याच दिवसांत न पाहिलेली मान आठवणीवर करायला जाऊ नका. ती आपल्याला ठाऊक आहे असं वाटतं, पण ती तशी राहिलेली नसते. जवळ जा, आधी बोट फिरवा. एवढंही जमत नसेल तर खुशाल दाढ्या वाढवा, माझी काही हरकत नाही.