दुरुस्त केलेली चिठ्ठी

मुद्रितशोधकाच्या अंगावर त्या सकाळी दोन बनियन, तीन स्वेटर, मफलर आणि बायकोची जुनी शाल एवढा ऐवज होता. पायात मोज्यांचे दोन जोड आणि मांडीवर गरम पाण्याची पिशवी. एवढ्या तयारीनिशी माणसं डोंगर चढून जातात. हा मात्र स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून एका जाडजूड पुस्तकाची प्रुफं तपासत होता. भिंतीवरचा हीटर बंद होता. तो बंद असण्यामागे तत्त्व होतं, आणि तत्त्व पांघरून झोपता येत नाही हे कळायला त्याला अजून दोन दिवस लागायचे होते.

तीस वर्षं त्याने लोकांच्या चुका काढण्यात घालवली होती. प्रेसमध्ये सगळे त्याला ‘काना-मात्रा’ म्हणत आणि तो ते कौतुक समजे. पुस्तक कशाबद्दल आहे हे त्याला शेवटच्या पानापर्यंत कळत नसे. अर्थाकडे लक्ष गेलं की चूक निसटते, असं तो नवीन माणसांना मोठ्या तोऱ्यात सांगे. या नियमाला आयुष्यात एकच अपवाद झाला आणि तोही भलत्याच पुस्तकापाशी. थंडी सुरू होता होता ‘हीटर न लावता हिवाळा’ नावाची अठ्ठेचाळीस पानी पुस्तिका त्याच्याकडे तपासायला आली. तिच्यात एकशे बारा चुका निघाल्या, आणि उरलेला सगळा मजकूर त्याला पटला.

मग काय विचारता. खिडक्यांच्या फटींवर कागदाच्या पट्ट्या लागल्या. ऊन आलं की पडदे उघडायचे, ऊन गेलं की त्याच मिनिटाला ओढायचे, असा पहारा बसला. ओव्हनमध्ये काही भाजून झालं की त्याचं दार उघडं ठेवायचं, म्हणजे उरलेली धग वाया जात नाही. घरातली सगळ्यात लहान खोली निवडून तिथेच बसायचं, आणि दाराखाली टॉवेलची गुंडाळी घट्ट दाबायची. सगळ्यात लहान खोली स्वयंपाकघर, म्हणून तो तिथे बसला. गुंडाळी त्याने आतून दाबली. दाराच्या पलीकडे बायको होती, हा मुद्दा पुस्तिकेत कुठे आला नव्हता.

बायको जुने कपडे नीट करून द्यायची. कुणाचं अस्तर बदल, कुणाची कंबर सैल कर. म्हणजे नवराबायको दोघंही दुरुस्तीच्याच धंद्यात. फरक एवढाच, की तिने दुरुस्त केलेलं लोकांच्या उपयोगी पडे. तिचं मशीन पुढच्या खोलीत मोठ्या खिडकीशी होतं, कारण सुईत दोरा ओवायला उजेड लागतो. ती खोली घरात सगळ्यात गार. सध्या तिच्याकडे एका गिऱ्हाइकाचा जाड कोट आला होता आणि त्याचे काठ हातानेच शिवायचे होते.

तिने त्याला आधी तोंडी सांगून पाहिलं. पहिल्या वेळी तो प्रुफांतून मान वर न करता ‘हूं’ म्हणाला. दुसऱ्या वेळी त्याने तिला पान एकोणीस वाचायला सांगितलं. तिथे तळहात एकमेकांवर कसे चोळावेत ते दिलं होतं. तेव्हा तिने विचार केला असावा की या माणसाच्या कानात काही शिरत नाही, पण कागद दिसला की तो वाचल्याशिवाय राहत नाही. तिने तीन ओळींची चिठ्ठी लिहून फ्रिजवर लावली आणि कोट घेऊन गिऱ्हाइकाकडे माप बघायला गेली.

कागद दिसला, आणि त्याने तो वाचलाही. म्हणजे वाचला असं त्याला वाटलं. ‘घरात उब नाही’ या पहिल्या ओळीतच त्याचा हात खिशातल्या लाल पेनाकडे गेला. उ भोवती गोल काढून त्याने समासात ठसठशीत ऊ लिहिला. दुसऱ्या ओळीत ‘बोटं’ होतं, त्याचं ‘बोटे’ केलं. आणि वर हौसेने खाली टीप दिली: ‘ऊब दीर्घ, पण उबेला ऱ्हस्व.’ चिठ्ठी त्याने पुन्हा फ्रिजवर सरळ लावली आणि आपण घरातल्या माणसाचं काम विनामोबदला करून दिलं, या समाधानात तो पुन्हा टेबलाशी जाऊन बसला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. याच्याकडे नुसतं पेन होतं, तरी पुरलं.

बायको परत आली आणि फ्रिजवरची लाल खुणांची चिठ्ठी तिने वाचली. कोट, कात्री आणि दोऱ्यांचा डबा तिने पिशवीत भरला. काही दिवस बहिणीकडे राहते म्हणाली. किती दिवस ते तिने सांगितलं नाही आणि त्याने विचारलं नाही. तो एवढंच म्हणाला, “जाताना दार नीट ओढून घे. वारा आत येतो.”

हे वाक्य त्याला पुढे फार दिवस आठवायचं होतं.

पहिला दिवस त्याने शूरपणात काढला. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघर भलतंच गार पडलं. फटी तपासल्या, गुंडाळी पुन्हा दाबली, पण हुडहुडी काही जाईना. दुपारी कधीतरी त्याच्या डोक्यात उजेड पडला, की ओव्हनची उरलेली धग उरायची असेल तर आधी कुणीतरी ओव्हन लावावा लागतो, आणि लावणारी बहिणीकडे आहे. म्हणजे हिवाळाभर हा स्वतःच्या तत्त्वावर नाही, तर बायकोच्या स्वयंपाकावर शेकत होता. ती आता आलीच नाही तर, असं पहिल्यांदा मनात आलं.

त्याने फोन केला. मेव्हणीने उचलला. ताई कामात आहे, तिला मधेच उठवणार नाही, असं तिने सांगून टाकलं. त्याने ताई कधी येणार ते विचारलं. मेव्हणी आत जाऊन आली.

“भाऊजी, ताई म्हणते, आधी शेवटच्या ओळीचं काय ते सांगा.”

“कुठली शेवटची ओळ?”

“हेच मी तिला म्हटलं,” मेव्हणी म्हणाली, “की त्यांना ती दिसलीच नसणार.” आणि तिने फोन ठेवला.

तो फ्रिजपाशी गेला. चिठ्ठी होती तिथेच होती. आता त्याने पेन खिशातच राहू दिलं आणि एकेक शब्द मोठ्याने वाचला.

‘घरात उब नाही. सुई धरायला बोटं चालत नाहीत. हीटर नको तर नको, पण काम घेऊन माझ्या खोलीत बसा.’

तिसऱ्या ओळीत काना, मात्रा, वेलांटी सगळं जागच्या जागी होतं. खोडायला काही नव्हतं, म्हणून त्याची नजर तिच्यावरून घसरून गेली होती.

तो पुढच्या खोलीत गेला आणि तिच्या स्टुलावर बसला. पाच मिनिटांत त्याची बोटं बधिर झाली. मशीनजवळ अस्तराच्या चिंध्या पडल्या होत्या, त्यातल्या एकीवर रक्ताचे बारीक ठिपके होते. सुई टोचल्यावर तिने बोट तिथे पुसलं असणार. ती हे करत होती तेव्हा हा भिंतीच्या पलीकडे मांडीवर पिशवी घेऊन दुसऱ्यांचे अनुस्वार मोजत होता. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि तिची इतकी आठवण आली की तो तिथे आणखी बसू शकला नाही. तिथल्या हीटरच्या बटणाकडे हात गेला होता, पण रिकाम्या खोलीला ऊब देऊन काय करायचं? त्याने प्रुफांचा गठ्ठा काखेत मारला आणि बाहेर पडला.

मेव्हणीचं घर तीन गल्ल्या पलीकडे. तिथे हीटर जोरात चालू होता. एवढे कपडे अंगावर असलेला माणूस आत शिरताच घामाने निथळला. बायको खिडकीशी बसून कोटाचा काठ शिवत होती. तिने मान वर केली नाही. त्याने एक खुर्ची ओढून तिच्या शेजारी ठेवली, बसला आणि गठ्ठा मांडीवर सोडला.

“कशाला आलात?” ती म्हणाली.

“बसायला.”

तिने चार टाके घातले. “वाचलंत?”

“वाचलं. शेवटच्या ओळीत एकही चूक नव्हती. म्हणून दिसली नाही.”

यावर ती हसेल असं त्याला वाटलं होतं. ती हसली नाही, सुई थांबवून तिने त्याच्याकडे पाहिलं. संसाराच्या तिसाव्या वर्षीसुद्धा नवऱ्याचं काही नवीन कळावं याचं तिला नवल वाटत असावं, आणि फारसं बरं वाटत नसावं.

“माझं स्वयंपाकघरात दार लावून बसणं चुकलं,” तो म्हणाला. या वाक्याला त्याला काही टीप सुचली नाही.

मेव्हणी चहा घेऊन आली. त्याची ती घामाघूम अवस्था बघून तिने स्वेटर काढायला सांगितलं. त्याने मफलर सोडला आणि पहिल्या स्वेटरमध्ये हात घातला.

बायकोने दोरा दातांनी तोडला आणि सुईत नवा ओवला.

“राहू द्या, काढू नका,” ती म्हणाली. “बाहेर गार आहे. एवढा काठ संपला की आपण निघू.”