निषादच्या नावाची ओळ

"दुधाचं प्रोजेक्ट दूध पाजणाऱ्या बाईला दिलं की असंच होणार," निषाद मीटिंगमध्ये म्हणाला आणि सगळे हसले. आमचे मॅनेजर चंद्रकांत सरही हसले. मी हसले नाही. विसरलेही नाही.

ही २००७ सालची गोष्ट. बाळंतपणाच्या रजेवरून मी हिंजवडीच्या ऑफिसात नुकती परतले होते. माझी जुईली दिवसभर जवळच्या नेरे गावातल्या कोंडाबाईंकडे असायची. मी संगणकासमोर बसले तरी माझा एक कान कायम फोनकडे. तिला खोकला झालाय का, कोंडाबाईंनी चुलीजवळ तर नाही ना निजवलं, असलं काहीबाही डोक्यात चालू असायचं. निषादला ते दिसायचं. मी डोकं कुठे ठेवून काम करते हे सगळ्यांना सांगायची त्याला हौस होती.

आमचं प्रोजेक्ट म्हणजे दूध संकलन केंद्रावर ठेवायची एक पेटी. गवळ्यानं कॅन ठेवला की वजन, फॅट आणि पावती. पेटीत लिनक्स ही संगणकप्रणाली, आणि तिच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, मेमरी वाटून देणाऱ्या कोडात आम्ही दोघांनी भर घातलेली. सकाळी रांग लांबली, मेमरी कमी पडली, की पेटी बसायची, म्हणजे बंद पडायची. बसताना पडद्यावर त्या वेळी चालू असलेल्या फंक्शनांची, म्हणजे कोडाच्या तुकड्यांची, नावं टाकायची, कुणी कुणाला बोलावलं त्या क्रमानं. आमच्याकडे प्रत्येक फंक्शनच्या डोक्यावर लिहिणाऱ्याचं नाव घालायची रीत होती. त्यामुळे पडद्यावरची नावं वाचली की कुणाकडे बोट दाखवायचं ते ठरायचं. दर वेळी तिथे माझं फंक्शन असायचं, निषादचं कधीच नाही.

"सुलक्षणा, शुक्रवारी दूध संघाची माणसं येतायत," चंद्रकांत सर म्हणाले. "त्यांच्यासमोर पेटी बसली तर मला तुला कर्नलमधून काढावं लागेल. टेस्टिंगला जा. तिकडे घरी लवकर जाता येतं."

लवकर जाता येतं! जणू माझ्यावर उपकारच.

माझ्या फंक्शनमध्ये चूक नव्हती. मी ते इतक्यांदा वाचलं होतं की डोळे मिटूनही दिसायचं. मग बुधवारी दुपारी, जुन्या फायलींच्या खोलीत दाराला खुर्ची लावून जुईलीसाठी दूध काढत बसले असताना, मनात आलं: मी लिहिलेलं वाचतेय, पण कंपायलरनं, आमचा कोड मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रामनं, त्याचं काय केलंय ते कुठे पाहिलंय? जागेवर येऊन तयार झालेली फाइल उलटी उलगडली, मशीनच्या सूचना एकेक करून वाचल्या. आणि माझ्या फंक्शनच्या पोटात मला निषाद सापडला.

मेमरी मिळालीच नाही तर तक्रार छापायची, एवढंच त्याच्या फंक्शनचं काम. त्यासाठी त्यानं स्टॅकवर, म्हणजे चालू फंक्शन आपलं सामान ठेवतं त्या जागेवर, एक भलामोठा अ‍ॅरे, कप्प्यांची लांब रांग, मांडला होता. ते फंक्शन फक्त माझ्याच फंक्शनमधून, एकाच ठिकाणाहून बोलावलं जायचं. अशा वेळी कंपायलर हेलपाटा वाचवतो. बोलावलेलं फंक्शन उचलून बोलावणाऱ्यात ओततो. याला इनलाइन करणं म्हणतात. त्यात आतल्याचं नाव जातं आणि त्याचं सामान बाहेरच्याच्या घरात येऊन पडतं. कर्नलचा स्टॅक आधीच टीचभर. मेमरी कमी पडली की मेमरीतली जुनी पानं डिस्कवर लिहून जागा करायला माझं फंक्शन एकामागून एक फंक्शनांना हाका मारत खोल खोल जायचं, आणि तेवढा सगळा वेळ निषादचा अ‍ॅरे डोक्यावर. त्याची पाळी अजून आलेलीही नसायची. तळाला पोचता पोचता स्टॅक संपायचा. पेटी माझ्या नावानं मरायची.

उपाय एका शब्दाचा होता. त्याच्या फंक्शनपुढे 'नोइनलाइन' लिहायचं, की कंपायलर त्याला वेगळंच ठेवतो. मी तेव्हाच निषादला बोलावून दाखवू शकत होते. त्यानं तो शब्द गुपचूप टाकला असता, पेटी चालली असती, आणि सगळे म्हणाले असते, बघा, निषादनं निस्तरलं.

मी फाइल बंद केली आणि शुक्रवारची वाट पाहिली.

शुक्रवारी पौडकडून दूध संघाचे बंडोपंत आले, पांढरी टोपी, हातात मोटरसायकलची किल्ली. चहा आला. "ओ साहेब," ते चंद्रकांत सरांना म्हणाले, "सकाळी ही पेटी बसती अन् गवळी माज्या नावानं शिमगा करत्यात. आज बसली तर मी ती हितंच ठिवून जानार."

पेटीला गर्दीचा खोटा भार दिला. तेवढ्यात फोन थरथरला. कोंडाबाई.  बाहेर धावले, फोन लावला.

"काय झालं? खोकतेय का?"

"काय न्हाई व्हो! झोपलीया. तुमीच म्हनला व्हता, झोपली की मिसकॉल द्या. आन् तुमी लगेच उलटा फोन करताय व्हय!"

परत आले तर पेटी बसली होती आणि दाराच्या आतून निषादचा आवाज येत होता. "...बघा, पुन्हा तेच नाव. सगळ्यात जास्त स्टॅक खाणारं फंक्शनही तेच. पण बाईसाहेब फोनवर. काय करणार, लहान बाळ आहे."

मी आत गेले. "निषाद, तुझं तक्रार छापणारं फंक्शन बघायचं का एकदा?"

"माझं? यादीत आहे का ते?"

"नाही."

"मग? जे चाललंच नाही ते पेटी कशी पाडेल? लिहून देऊ?"

"लिहूनच दे. मोठ्या पडद्यावर. तुझ्या फंक्शनपुढे नोइनलाइन. माझ्या कोडाला हात लावू नकोस."

"त्यानं काय होणार?"

"काही नाही झालं तर मी सोमवारपासून टेस्टिंगला."

तो हसत बसला आणि टाइप केलं. वरच्याच ओळीत त्याचं नाव होतं, सगळ्यांना दिसेल एवढं मोठं. कर्नल पुन्हा बांधलं, पेटीत घातलं, भार दिला. दुसरा चहा आला. पेटी पावत्या फाडत राहिली. बंडोपंतांनी स्वतः भार वाढवायला लावला, तरी पावत्या येतच राहिल्या.

"आन् काय बदाललं म्हनायचं?" त्यांनी विचारलं.

"यांनी आपलं सामान माझ्या घरातून उचललं," मी निषादकडे बोट केलं. "इतके दिवस ओझं यांचं होतं. नाव माझं जात होतं."

बंडोपंतांनी पडद्यावरचं नाव मोठ्यानं वाचलं. मग निषादला म्हणाले, "म्हंजी माज्या गवळ्यांच्या शिव्या तुमच्या व्हत्या व्हय!" चंद्रकांत सर हसले. या वेळी मीही हसले, चांगली पोटभर.

निषादनं मला जिन्यात गाठलं. चेहरा उतरलेला. "एकट्यात सांगता आलं असतं, सुलक्षणा."

"तू दुधाचं मला एकट्यात म्हणाला होतास?"

त्यानं जिन्यात वर-खाली कुणी नाही ना ते पाहिलं. मग हळूच म्हणाला, "बरं, दुरुस्तीची नोंद लिहिताना माझं नाव नको घालूस. फक्त कंपायलरचं लिही ना."

मी जागेवर आले आणि त्याच्या फंक्शनच्या डोक्यावर लिहिलं: हे फंक्शन बोलावणाऱ्यात मिसळू देऊ नये, याच्या अ‍ॅरेमुळे पेटी बंद पडत होती. खाली रीतीप्रमाणे मूळ लेखक म्हणून त्याचं पूर्ण नाव, आडनावासकट. दुरुस्ती: सुलक्षणा. उद्या जो कोणी नवा पोरगा किंवा पोरगी हा कोड उघडेल, त्याला आधी ही ओळ वाचावी लागेल. निषाद नोकरी सोडून गेला तरी ओळ तिथेच राहील.

नेऱ्यात पोचले तेव्हा कोंडाबाई जुईलीला मांडीवर घेऊन ओट्यावर बसल्या होत्या. मी आधी तिच्या कपाळाला हात लावला, मग छातीला कान. खोकला नव्हता.

"आज लई खुशीत दिसताय," कोंडाबाई म्हणाल्या. "कुनाचं वाटुळं करून आलाय जनू."

"व्हय," मी म्हणाले आणि पोरीला घेतलं.