कोपरं टेकायचा बाक

मी बाक. उभ्याने ऐकलंत तरी माझी हरकत नाही, पण बसलात तर बरं. मला फार बोलायची सवय नाही. सगळा जन्म ऐकण्यात गेला.

जन्माने मी बाक नव्हतो, दार होतो. तेही कुणाच्या स्वयंपाकघराचं नाही, चर्चचं. लोक मला ढकलून आत यायचे आणि आत आले की आवाज खाली आणायचे. तो मान मी पाहिलेला आहे. पुढे पाणी लागून माझी खालची कड कुजली आणि चर्चच्या पंचांनी नवं दार करायला टाकलं. मी जळणात जाणार होतो. सुतार म्हणाला, हे लाकूड जाळणार असाल तर नवं दार दुसऱ्याकडून करून घ्या. त्याच्याशी वाद घालायच्या भानगडीत कोणी पडत नसे. त्याने मला खांद्यावर टाकलं आणि घरी आणलं.

कुजकं कापलं. जुना रंग रंध्याने उतरवला. एकही खिळा न मारता चार पाय बसवले. कुलपाच्या भोकात लाकडाचा तुकडा ठोकून ते बुजवलं. असा मी झालो. हल्लीची बाकडी मी बघतो, माणूस बसला की कुरकुरतात. मी कधी कुरकुरलो नाही.

त्याच वर्षी सुताराच्या बायकोला मुलगा झाला. म्हणजे तो माझा पाठचा भाऊ. बाप एकच.

घर लहान होतं. स्वयंपाकघरात टेबल, टेबलाच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला खुर्च्या. सुताराची बायको दिवसभर देवाशी बोलायची. त्यासाठी वेगळी वेळ काढायची नाही. पीठ चाळताना बोलायची, सुईत दोरा ओवताना बोलायची. किल्ली सापडत नसली तर शेजारणीला विचारावं तसं विचारायची, "प्रभू, आत्ता इथेच होती ना?" सापडली की आभार मानून पुढच्या कामाला लागायची. दूध उतू जायच्या आत हात पोहोचला तरी आभार. पोराला ताप चढला तर मात्र माझ्यापाशी येऊन गुडघे टेकायची आणि तोंडातून शब्द निघायचा नाही. नुसता श्वास. तेवढ्या जागेपुरता मी ओला व्हायचो.

सुतार वेगळा. तो शाळेत थोडाच गेलेला. पवित्र शास्त्र वाचायचा ते ओळीवर बोट ठेवून, पण रोज वाचायचा. सकाळी हत्यारांच्या पेटीवर हात ठेवून उभ्याने प्रार्थना करायचा, तीही पुटपुटत. बायकोने एकदा विचारलं, पेटीसाठी काय मागता? तो म्हणाला, "बोटं मागतो. आहेत तेवढी."

खरी प्रार्थना संध्याकाळी. जेवणं झाली, भांडी घासून झाली, की तिघं माझ्याकडे तोंड करून जमिनीवर गुडघे टेकायची. कोपरं माझ्यावर, तोंड ओंजळीत. डावीकडे सुतार, मधे मुलगा, उजवीकडे आई. सुताराच्या बाहीतून भुसा गळायचा. मुलगा मधेच पेंगायचा आणि आई प्रार्थना न थांबवता त्याला कोपराने ढोसायची. बाहेर रस्त्यावर सायकलींच्या घंटा, आत हे तीन आवाज. शेवटी सुतार "आमेन" म्हणायचा आणि मगच सगळ्यांनी उठायचं, असा घरचा नियम. त्या संध्याकाळी आठवल्या की अजून वाटतं, पुन्हा तसं कोणी ओळीने टेकावं.

एक खोड मात्र सुताराला होती. ती सांगितली नाही तर पुढचं कळणार नाही. माणसाला तोंडावर बोलायचं त्याला जमत नसे. जे बोलायचं ते तो प्रार्थनेत बोलायचा. "हे पित्या, ज्या पोराने रंधा उन्हात टाकला आणि खेळायला पळाला, त्याला अक्कल दे." पोरगा ओंजळीत हसायचा. आईही काही कमी नव्हती. तिची पाळी आली की म्हणायची, "आणि प्रभू, रंधा ठेवायला घरात फळी नाही, तीही कोणाला तरी सुचू दे." दुसऱ्या दिवशी फळी व्हायची.

जेवणाआधीची प्रार्थनाही तशीच. लांब. एकदा बायकोचा भाऊ जेवायला आला होता. सुतार डोळे मिटून चर्चच्या अख्ख्या मंडळीला सुधारत होता. आमेन झाल्यावर भाऊ म्हणाला, "दाजी, देवाला सगळं ठाऊक आहे. गार भाजी आम्हाला खावी लागते." सुतार हसला नाही. पण पुढच्या वेळी जरा आवरती घेतली.

तोवर ही खोड म्हणजे घरातली गंमत होती.

मुलगा मोठा झाला. वायरिंगचं काम शिकला. दवाखान्यात दिवे बसवायला गेला तिथे त्याला एक नर्स भेटली. विधवा होती, त्याच्याहून थोडी मोठी. आधीच्या नवऱ्याची म्हातारी आई तिच्याकडेच राहायची. म्हातारीला दुसरं कोणी नव्हतं आणि ऐकूही कमी यायचं. मुलगा म्हणाला, लग्न करीन तर हिच्याशी. सुतार त्यावर मुलाशी एक शब्द बोलला नाही. मी ओळखलं, हे जेवणाच्या टेबलावर निघणार.

आईने तिला जेवायला बोलावलं. ती माझ्यावरच बसली. साधी साडी, हाताला साबणाचा वास. सगळ्यांनी डोळे मिटले आणि सुतार सुरू झाला.

"हे पित्या, या अन्नाबद्दल तुझे आभार. माझ्या मुलाला दिसेनासं झालंय. त्याच्या खांद्याला न पेलणारं ओझं तो उचलायला निघालाय. दुसऱ्याच्या घरातलं उरलंसुरलं आमच्या घरात येऊ देऊ नको. येशूच्या नावाने मागतो."

मग सगळ्यांच्या आधी, स्वच्छ आवाजात, ती म्हणाली, "आमेन."

तिचा भार माझ्यावर होता. तो जराही थरथरला नाही. ती जेवली, ताट धुऊन ठेवलं, आईला म्हणाली, "येते मी," आणि गेली.

मुलगा बापासमोर उभा राहिला. "बाबा, मला बोलायचं होतं तर मला बोलायचं. तिला बोलायचं होतं तर तिला. देवाला मधे कशाला घातलंत?"

"मी प्रार्थना करत होतो."

"नाही बाबा. तुम्ही टोमणा मारत होता. डोळे मिटून मारला, एवढंच."

दुसऱ्या दिवशी त्याने कपडे पिशवीत भरले आणि घर सोडलं. लग्नाला आई गेली. सुतार त्या दिवशी कुणाच्या तरी खिडक्या बसवत होता.

त्यानंतर माझ्यावर चारच कोपरं टेकायची. मधली जागा दोघांनीही भरली नाही. सुताराची प्रार्थना तुटक झाली. मुलाचं नाव तोंडाशी यायचं आणि तो खोकायचा. त्याला मुलगा परत हवा होता. मी त्याच्या श्वासाच्या जवळ होतो, मला कळायचं. पण मुलाकडे जायचं तर आधी त्या बाईसमोर उभं राहायला लागणार, आणि तिथे त्याचे पाय अडत होते.

बायको त्याच्याशी भांडली नाही. तिने नवऱ्याचंच हत्यार उचललं. रोज संध्याकाळी मोठ्याने म्हणायची, "आणि आमच्या सुनेला सुखात ठेव." त्यावर सुतार आमेन म्हणायचा नाही. तसाच उठायचा. एकदा न राहवून विचारलं, "सून कोण?"

"देवाला माहीत आहे," ती म्हणाली, आणि भांडी लावायला लागली.

असे किती दिवस गेले ते मला माहीत नाही. मग एक दिवस सुतार हाताला पट्टी बांधून घरी आला. करवत निसटली होती. जवळचा दवाखाना तोच. टाके घालायला समोर आली तीच. माझ्यावर बसून त्याने बायकोला हे सगळं सांगितलं. इतकं सलग बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. तो म्हणाला, सुई हातात घेतल्यावर तिने क्षणभर डोळे मिटले, ओठ हलवले. "मला वाटलं, माझी कागाळी करतेय. आता तिची पाळी. मी विचारलं, काय सांगितलंस वर? तर म्हणते, काही नाही बाबा, रोजचंच. टाका घालताना माझा हात हलू नये, एवढंच मागते. तुम्ही हात सैल सोडा."

"मग?"

"मग काय. हलला नाही तिचा हात."

बायको पट्टी बघत म्हणाली, "सगळी माणसं तुमच्यासारखी प्रार्थना करत नाहीत."

संध्याकाळी पट्टीचा हात माझ्यावर ठेवून तो टेकला. बायकोने रोजच्यासारखं सुनेसाठी मागितलं. तो उठला नाही. मग आमेन आलं. घोगरं होतं, पण आलं.

त्यानंतर त्याने बायकोला विचारलं, त्यांच्या घरात बसायला काय आहे? ती म्हणाली, माणसं तीन आणि खुर्च्या दोन. मुलगा उभ्याने जेवतो. सुतार चिडलाच. सुताराचा मुलगा उभ्याने जेवतो, हे गावात कळलं तर मला काम कोण देईल, म्हणाला. आणि रविवारी उपासनेनंतर मला हातगाडीवर चढवलं. हात दुखरा, म्हणून गाडी बायकोने ढकलली. तो बाजूने चालला, मला धरून. मी पडणार नव्हतो. त्यालाच काहीतरी धरायला हवं होतं.

दार सुनेने उघडलं. सुतार म्हणाला, "बाक आणलाय." ती बाजूला झाली.

मला टेबलाशी लावलं. म्हातारी माझ्यावर बसली, शेजारी सुताराची बायको. मुलगा पाणी भरत होता, बापाकडे न बघता. ताटं वाढून झाली. सून म्हणाली, "बाबा, वडीलधारे तुम्ही आहात. प्रार्थना तुम्ही करा."

सगळ्यांनी डोळे मिटले. सुतार उभा राहिला. काही बोलेना. मुलाच्या हातातलं भांडं टेबलावर टेकल्याचा आवाज झाला, मग तोही नाही. बराच वेळ काही ऐकू येत नाही असं पाहून म्हातारीला वाटलं, झाली प्रार्थना. ती खणखणीत "आमेन" म्हणाली आणि घास उचलला.

"थांबा, आजीबाई," सुतार म्हणाला. "अजून सुरूच केली नाही." मग म्हणाला, "डोळे उघडा सगळ्यांनी."

त्यांनी उघडले.

"हे देवाला सांगायचं नाही. पोरी, तुला सांगायचं आहे. त्या दिवशी मी देवाचं नाव घेऊन तुला बोललो. ह्या आजींनाही बोललो. चुकलो मी."

सून त्यावर जाऊ द्या म्हणाली नाही, विसरले म्हणाली नाही. मला ते आवडलं. मग म्हणाली, "त्या दिवशी मला घास गिळवत नव्हता, बाबा. आईंनी एवढं रांधलं होतं म्हणून जेवले."

"मला माहीत आहे," सुतार म्हणाला.

"आज भूक लागलीय. करा प्रार्थना."

त्याने केली. इतकी थोडकी केली की बायको डोळे मिटेपर्यंत संपली. मुलगा हसला. बापाने माझ्यावर बसत त्याच्याकडे बघितलं आणि बाजूला सरकून म्हणाला, "बस. जागा आहे."

मी तिथेच राहिलो. परत न्यायचं नाव सुताराने काढलं नाही. पुढे दर रविवारी तो आणि त्याची बायको इथे जेवायला यायचे. म्हातारी गेली ती सुनेच्या मांडीवर. मग सुतार गेला, नंतर त्याची बायको. सुताराची डावीकडची जागा आता माझ्या भावाची आहे. त्याची कोपरंही बापासारखीच टोकदार आहेत. त्याची मुलं शिकतात, उशिरा घरी येतात. कोणी जेवताना येतं, कोणी जेवून येतं. सगळे एकत्र टेकतात अशा संध्याकाळी कमी झाल्या. एरवी माझ्यावर पिशव्या असतात, इस्त्रीचे कपडे असतात, फोनच्या वायरी असतात. सून कामावर निघताना तेवढी क्षणभर हात टेकवते, डोळे मिटते आणि जाते. तिचं मागणं अजून तेच आहे.

माझी तक्रार नाही. लाकूड आहे, टिकेन. मात्र एक सांगतो. घरात कुणाचा राग आला असेल तर तो प्रार्थनेत घालून वर पाठवू नका. देवाला तो कळतोच, पण शेजारी टेकलेल्या माणसाच्या काळजात तो रुततो. आधी त्या माणसाशेजारी बसा, त्याच्याकडे बघा आणि काय ते बोला. मग वळा आणि गुडघे टेका. बसायलाही मी आहे आणि टेकायलाही मीच आहे.

आता माझ्यावरच्या पिशव्या उचला. संध्याकाळ झाली.